पीठ जातं कुटं, भाऊ?

भाऊ, कावळा नक्की कुणाच्या बोलण्यावर शिवला, तेवढं सांगा. बाकीचं मी माझं बघून घेते.

दहाव्याला इंद्रायणीच्या काठावर सगळे उन्हात ताटकळत उभे होते. पिंड मांडलेला, कावळे पलीकडच्या बाभळीवर रांगेनं बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मी बौद्ध. आमच्यात पिंड नाही, कावळा नाही, म्हणून मी जरा मागं, वहिनींना धरून उभी होते. पण बघत मात्र होते डोळे फाडून. तुमचंच म्हणणं ना, शैलाला चौकशा फार. लोकांनी एकेक बोलायला सुरुवात केली. "वहिनीला अंतर देणार न्हाई." कावळा हलला नाही. "वडिवळ्याचं भाताचं वावर पडीक टाकणार न्हाई." नाही. कुणीतरी धावत जाऊन तुमच्या आवडीची कांदाभजी आणून ठेवली, तर कावळ्यांनी नुसती मान वाकडी करून बघितली. तुमच्यासारखेच हट्टी मेले.

मग तुमचा धाकटा भाऊ, आपला तात्या, पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "दादा, कारखाना बंद करतो. सारिकाला त्या धुळीत जाऊ देणार न्हाई." त्याच दमात तुमची लेक सारिका रडत ओरडली, "आबा, कारखाना मी चालवीन! बंद हू देणार न्हाई!" आणि माझा ह्यातल्या कशावर विश्वास नाही, तरी माझ्या तोंडातून निघून गेलं, "भाऊ, पाटी स्वच्छ निघाल्याबिगर करवत चालू करू देणार न्हाई." तिघं अगदी एकदम बोललो. कावळा आला, शिवला, आणि भजीसकट सगळं उधळून गेला.

आता झाली ना पंचाईत? तात्या म्हणतो, दादाचा जीव कारखाना बंद होण्यात अडकला होता. सारिका म्हणते, आबांचा जीव कारखान्यातच होता, तो बंद कसा करा म्हणतील? दोघंही माझ्याकडं बघतात, कारण शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तुमच्या उशाशी मीच जास्त बसलेली. आणि खरं सांगू, भाऊ? तुम्ही दोघांनाही खोटं पाडलेलं नाही. तात्याला तुम्ही खरंच म्हणाला होता, "बंद कर ते समदं." आणि दुसऱ्या दिवशी माझा हात धरून म्हणालात, "शैला, तेवढं सँडरचं बघ." ज्याला कारखाना बंद करायचाय त्याला सँडरची, लाकूड घासायच्या मशीनची, काय पडलीय? हे मी त्याच वेळी विचारायला हवं होतं, पण तुम्हाला बोलताना धाप लागत होती. मग नुसतं "व्हय" म्हटलं.

मी तुमच्याकडं घासकामाला आले तेव्हा मला रंधा कुठला आणि पटाशी कुठली, हे कळत नव्हतं. कामशेतच्या बाहेर, वडिवळ्याच्या रस्त्याला पत्र्याची ती लांबलचक शेड, आत दोन करवती, एक रंधा मशीन आणि तुमचा आवाज. दारं-खिडक्या, कपाटं, लोणावळ्याच्या आणि वलवणच्या बंगल्यांची सगळी कामं. तुम्ही कापायचं आणि जोडायचं, मी घासायचं आणि पॉलिश मारायचं. सुताराचं आणि पॉलिशवाल्याचं कधी पटलंय का? तुमचा भुसा माझ्या ओल्या पॉलिशवर येऊन बसायचा आणि मी ओरडायची. तुम्ही म्हणायचा, "लाकडाचाच हाय, लाकडावर बसला. तुजं काय गेलं?" मी परत घासायला बसायची. रोजचं भांडण, रोजचा चहा.

पण एक सांगते. माझ्या प्रश्नांना आयुष्यात कुणी एवढी उत्तरं दिली नाहीत. घरी विचारलं की "गप", शाळेत विचारलं की "खाली बस". तुम्ही मात्र हातातली पट्टी खाली ठेवून सांगायचा. सागवानाला तेल कुठून येतं, शिसव घासताना हात जांभळे का होतात, बाभळीचं लाकूड करवतीला का चिडवतं. माहीत नसलं तर खुशाल बनवून सांगायचा, तेही ठासून. सँडर आणला त्या दिवशी मी त्याचा तळवा उलटा करून विचारलं होतं, "भाऊ, ह्या गोल तळव्याला एवढी भोकं कशापायी?" तुम्ही डोळा मिचकावून म्हणालात, "मशीनला श्वास घ्यायला." मला ते पटलं नव्हतं. पण उत्तर इतकं छान होतं की मी पुढं विचारलंच नाही.

आणि तुमचं नाक! काय नाक होतं हो ते. बंगला पाडून कुणी जुनी तुळई आणली की तुम्ही करवतीनं जरासा छेद घ्यायचा, चिमूटभर पूड तळहातावर चोळायची आणि नाकाशी न्यायची. "सागवान, पण आपल्याकडचा न्हाई." झालं, त्यावर अपील नाही. त्यावरून तर आपला खेळ सुरू झाला. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की मी कागदाच्या पुड्या बांधून आणायची, एकेकीत वेगळ्या लाकडाची पूड. तुम्ही डोळे मिटून ओळखायच्या. मी दोन लाकडं मिसळायची, तरी तुम्ही दोन्ही सांगायचा, वर कुठलं जास्त तेही सांगायचा. सारिका लहानपणापासून तुमच्या मांडीवर बसून हे शिकली. कॉलेजातून आली की दप्तर टाकून आधी पुडी मागायची.

म्हणून तर तुम्ही नाकाला फडकं बांधायला तयार नव्हता. मी तुम्हाला मास्क आणून दिला तर म्हणालात, "तोंड बांधलेला सुतार म्हंजी डोळं बांधलेला ड्रायव्हर. लाकूड जळाया लागलं तर मला कळनार कसं?" तसं बोलणं खोटं नव्हतं. पातं बोथट झालं की करवतीपाशी जळका वास येतो आणि तो सगळ्यांच्या आधी तुम्हाला यायचा. ज्या नाकावर धंदा चालवला, तेच झाकून ठेवा म्हटल्यावर कोण ऐकेल?

आणि त्यातून तुमचं ते टापटिपीचं वेड! दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, लक्ष्मी जाते, हा तुमच्या घरचा नियम. म्हणून सूर्य कलायला लागला की तुमची घाई सुरू. कंप्रेसरची नळी घ्यायची आणि सगळ्या मशीनींवर, फळ्यांवर, पत्र्यावर, माणसांच्या अंगावरसुद्धा हवा मारायची. फुस्स, फुस्स. शेड लख्ख दिसायची. मग झाडू, मग हातपाय धुऊन देवाच्या फळीवर दिवा. आमच्या मावळात पावसाचे चार महिने दारं उघडी ठेवायची सोय नाही. भुशी धरणाकडं पर्यटक भिजायला येतात, आपल्याकडं लाकूड भिजतं. ओल धरली की बनवलेल्या दारांची पाखं फुगतात, म्हणून दारं बंद, खिडक्यांना प्लास्टिक, आणि आत सगळे. हवा मारताना समोरचा माणूस दिसायचा नाही. मी पदर तोंडावर घ्यायची आणि ओरडायची, "भाऊ, देवाला दिसू द्या की जरा!" तुम्ही हसायचा. थोड्या वेळानं सगळं खाली बसायचं आणि आम्हाला वाटायचं, चला, संपलं.

मग तो दसरा आला. मी पुड्या आणल्या आणि गंमत म्हणून एकीत घरची धन्याची पूड बांधली. दिसायला हुबेहूब ऐनाच्या लाकडाच्या पुडीसारखी. मला वाटलं, तुम्ही वास घ्याल, शिव्या घालाल, "पोरी, आमटीला ठेव ती," म्हणाल. तुम्ही पुडी उघडली, डोळे मिटायच्या आधी चिमटीत धरून नीट बघितली, बोटांनी चोळून बघितली, मग नाकाशी नेली. आणि म्हणालात, "ऐन."

सगळे टाळ्या वाजवायला लागले. पण मला गप्प बसता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "भाऊ, ही धन्याची पूड हाय."

तुमचा चेहरा मला आजही दिसतो. तुम्ही पुडी परत नाकाशी नेली, परत, परत. मग ती नीट घडी घालून खिशात ठेवली आणि स्टुलावर बसलात. कधीपासून नाक गेलं होतं, भाऊ? हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. किती दिवस तुम्ही डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखत होता आणि नाक नुसतं दाखवायला वापरत होता? एक नाकपुडी कायम चोंदलेली, रुमालावर कधीतरी रक्ताचा ठिपका, ते तुम्ही थंडीवर ढकलायचा. माझ्याशी नंतर कितीतरी दिवस बोलला नाहीत. पण डॉक्टरकडं गेलात. एवढं ऐकलंत माझं, न बोलता.

तळेगावच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तात्या, तुम्ही आणि मी. नाकाच्या मागच्या पोकळीत गाठ निघाली होती. पुण्याच्या डॉक्टरीण बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न केला, "काका, काम काय करता?"

"सुतारकी."

"कधीपासून?"

"दुधाचं दात पडायच्या आदीपासनं."

"मास्क लावता?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी छताकडं बघितलं.

बाई म्हणाल्या, एका माणसाला हे नक्की कशानं झालं, ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण कठीण लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली की अशी गाठ होऊ शकते, हे माहीत आहे. परतताना गाडीत कामशेतच्या चढाला एकदम म्हणालात, "लाकडानं मला जेवू घातलं. त्ये मला मारील व्हय?" तात्या रडायला लागला. मी म्हटलं, "भाऊ, चूल जेवू घालती, तरी धूर डोळ्याला लागतोच की." तुम्ही म्हणालात, "धूर दिसतो." तिथं आपलं भांडण अर्धवट राहिलं. नंतर आपण ते कितीदा उकरून काढलं, पण संपवलं कधी नाही. तुम्ही शेवटपर्यंत लाकडावर आळ येऊ दिला नाहीत.

ऑपरेशन झालं, मशीनचे शेक झाले. गाल एका बाजूनं बसलेला, आवाज घोगरा, असे तुम्ही परत आलात. वहिनींनी आत जायला बंदी केली, म्हणून करंजाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बाहेर बसायला लागलात. मला वाटलं, आता हा माणूस खचला. आणि एके सकाळी तुम्ही मला हाक मारलीत, "शैला, हिकडं यी. मला एक सांग. भुसा खाली पडतो, त्यो आपुन झाडतो. पर त्याच्याहून बारीक त्ये पीठ... त्ये पीठ जातं कुटं?"

अहो, मला इतका आनंद झाला! एवढी वर्षं प्रश्न मी विचारायची, आता तुम्ही विचारत होता. आणि उत्तर तुमच्याकडं नव्हतं.

उत्तर शोधायची युक्ती माझीच होती, त्याचं श्रेय मी सोडणार नाही. धूळ कुठं बसते हे पॉलिशवाल्याइतकं कुणाला कळतं? ओल्या पॉलिशवर कण बसला की तो तिथंच वाळतो आणि हात फिरवला की बोटाला लागतो. मी लाकडाच्या छोट्या पाट्या घेतल्या, संध्याकाळी तुमची साफसफाई सुरू व्हायच्या तोंडावर प्रत्येकीला पॉलिशचा ताजा हात मारला आणि शेडमध्ये ठिकठिकाणी ठेवल्या. एक करवतीखाली, एक रंध्यापाशी, एक दारात, एक देवाच्या फळीवर, जिथं आपले सगळ्यांचे डबे आणि पाण्याचा माठ असतो. हवा मारायचं काम तेव्हा सारिका करायची, तुमच्यासारखंच, कोपरा न कोपरा. सकाळी पाट्या बाहेर आणून तुमच्या मांडीवर मांडल्या.

तुम्ही म्हणाला होता, करवतीखालची सगळ्यात खराब असणार. तिच्यावर ढीग होता खरा, पण सगळा जाड भुसा. फुंकर मारली, निम्मा उडाला. देवाच्या फळीवरची पाटी वरवर बघता स्वच्छ दिसत होती. तुम्ही तिच्यावर तळहात फिरवला आणि थांबलात. परत फिरवलात. "ही तर काचकागदावानी लागती," म्हणालात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. देवाच्या पुढ्यात, आमच्या डब्यांवर, सगळ्यांत बारीक पीठ येऊन बसत होतं.

मग तुम्हाला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सारिकाला सांगितलंत, आज हवा मारू नको, नुसतं तसंच ठेव. पाटी निम्म्यानं गुळगुळीत निघाली. परत हवा मारायला लावली, परत काचकागद. संध्याकाळी दार अर्धं लोटून तुम्ही बाहेरून बॅटरीचा झोत आडवा टाकलात आणि सारिकानं आत फुस्स केलं. भाऊ, त्या झोतात जे दिसलं ते मी विसरणार नाही. रिकामी वाटणारी हवा पिठानं गच्च भरलेली. केवढा वेळ झाला तरी ते खाली बसायलाच तयार नव्हतं. आम्हाला रोज वाटायचं बसलं, संपलं. त्याच हवेत आम्ही हात जोडून दिवा लावायचो आणि लांब श्वास घेऊन "हुश्श" म्हणायचो.

तुम्ही आधी मोठ्यांदा हसलात. "आता गं! चोर सोडून संन्याशाला फाशी! मी करवतीला बोल लावत हुतो." मग हसू ओसरलं. म्हणालात, "म्हंजी मी रोज देवाफुडं समद्यांना पीठ खाऊ घातलं." मी म्हटलं, "भाऊ, तुमी घर झाडत होता. कुणी वाईट म्हणून झाडतं का?" माझं ते वाक्य तुमच्यापर्यंत पोचलं का, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून आज परत म्हणते. तुम्ही घर झाडत होता, भाऊ.

पुढचे महिने मात्र आपण मजेत काढले, हे मानायला पाहिजे. मरणाच्या दारात बसलेला माणूस इतका उत्साही मी पाहिला नाही. कंप्रेसरची नळी तुम्ही खिळ्याला अडकवून टाकलीत, "हिला आता फक्त टायरला हात लावू द्या." तात्यानं त्याच्या तळेगावच्या कंपनीत बघितलं होतं की धूळ जिथं निघते तिथंच ओढून घेतात, उडल्यावर तिच्या मागं धावत नाहीत. तुम्ही खुर्चीतून मापं सांगितलीत आणि सारिकानं करवतीच्या पात्याखाली पेटी बसवली, रंध्याला घमेल्याच्या आकाराचं तोंड केलं, जाड पाइप जोडून भुसा ओढायचं मशीन लावलं. पहिल्यांदा त्याची कापडी पिशवी आतच टांगली. सकाळी पाटी पुन्हा खरखरीत! पिशवीच्या विणीतून पीठ परत आत येत होतं. तुम्ही म्हणालात, "चाळणीत पानी भरतीस व्हय?" मशीन शेडबाहेर गेलं, स्वतःच्या छपराखाली. झाडूऐवजी ओलं फडकं आणि बारीक गाळणीचा व्हॅक्यूम आला. मास्क आला तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. तो दाढीवर बसत नाही म्हटल्यावर तुम्ही सगळ्या कामगारांना दाढ्या करायला लावल्यात, आणि आत पाऊल टाकायची बंदी असूनही स्वतः पहिल्यांदा केलीत. वहिनी लाजल्या. म्हणाल्या, "लगीन झालं तवा असंच दिसायचं."

करवत सुधारली, रंधा सुधारला. सँडर काही ऐकेना. त्यालाही पाइप जोडला, तरी त्याच्या जवळची पाटी रोज खरखरीत. माझंच मशीन, आणि तेच घोडं पेंड खात होतं. कुठं पाणी मुरतंय, ते कळेना. तेवढ्यात गाठ परत उठली आणि तुम्ही पुण्याला गेलात ते गेलातच.

तर भाऊ, आता पुढचं ऐका. तेरावा झाला आणि तात्या हत्यारं भरून न्यायला पोती घेऊन शेडवर आला. मी आणि सारिका दारात उभ्या. तो म्हणाला, "माजा भाऊ ह्या धुळीनं नेला. त्याची पोरगी मी नेऊ देनार न्हाई. तू माज्यावर रागाव, आयुष्यभर बोलू नगंस, चालंल." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला काय बोलणार? तो सारिकाचा वैरी आहे का? सारिका म्हणाली, "काका, मला दुसरं काम येतं, पर मला दुसरं काम नकोय." ती एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली.

तात्यानं सँडर उचलला. पोत्यात टाकणार, तेवढ्यात थांबला. उलटा केला. मी घासून अर्धवट सोडलेला काचकागद अजून त्याला चिकटलेला होता. तात्यानं तो सोलून काढला, तळवा बघितला, कागद बघितला, परत तळवा बघितला.

"शैलाबाई," तो म्हणाला, "मशीनला भोकं हायत. मग कागदाला कुटं हायत?"

भाऊ! मी इतकी वर्षं मोठ्या कागदातून गोल कापून चिकटवत होते, बिनभोकाचे. तळव्याची सगळी भोकं मीच झाकून टाकत होते आणि वर पाइप लावून म्हणत होते, ओढत कसं नाही? ते मशीन त्या भोकांतून पीठ आत ओढण्यासाठी बनवलेलं. नाक दाबून श्वास घे म्हटलं तर कोण घेईल?

तात्याला त्याच्या शोधाचा आनंद लपवता येईना. बंद करायला आलेला माणूस खाली मांडी घालून बसला. त्यानं तळव्याला खडू फासला, कागदावर दाबला, ठसे उमटले. सारिकानं खिळा तापवला आणि एकेक भोक पाडलं. वलवणच्या बंगल्याच्या दाराचं अर्धवट पडलेलं पाखं घोडीवर चढवलं, मास्क लावले, पाइप जोडला आणि मी सँडर सुरू केला. आवाजच वेगळा आला. पाख्यावर पीठ दिसेना. तात्यानं बॅटरी आडवी धरली, तुम्ही धरायचात तशी. झोतात एखाददुसरा कण. पाटी ठेवली देवाच्या फळीवर.

सकाळी तात्या सगळ्यांच्या आधी हजर. त्यानं तळहात फिरवला. अगदी आरशासारखी नव्हती, खोटं कशाला बोलू, पण हात अडकत नव्हता. तात्या हटवादी, तुमचाच भाऊ. म्हणाला, "एका दिसाच्या पाटीवर मी पोरगी सोडू व्हय?" मग रोज पाटी, रोज त्याचा तळहात. काम आम्ही चालूच ठेवलं, तो बंद करा म्हणायचं विसरला असावा. शेवटी एक दिवस तो पाटी खाली ठेवून म्हणाला, "शेड सुधारली, मान्य. पर हिचं नाक? हीसुदिक लहानपनापासनं हितंच हाय. हिचं गेलं असंल तर कुनाला कळलं?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. आणि मला सांगायला लाज नाही, मला त्याची भीती वाटत होती.

तात्या उठला, घरी गेला आणि कागदाची पुडी घेऊन आला. त्यात काय आहे ते मलाही सांगेना. सारिकाला करंजाखाली तुमच्या खुर्चीवर बसवलं. तिनं मास्क काढला, हात धुतले, तोंड धुतलं. डोळे मिटले. पुडी नाकाशी नेली. भाऊ, त्या वेळी मी कुणाची प्रार्थना केली, ते विचारू नका.

सारिका एकदम हसली. "ऐन हाय. जुनं, पावसात भिजून वाळलेलं," ती म्हणाली. मग परत हुंगलं आणि तिचा आवाज बदलला. "आणि धनं. पर काका, हे आजचं न्हाईत. लय जुनं हायत. वास सरत आलाय त्यांचा."

तात्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं खाली बसून सांगितलं. तुमच्या दसऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात वहिनींना एक घडी केलेली पुडी सापडली होती. त्यांनी ती टाकली नव्हती. तात्यानं त्यातच चिमूटभर ऐन मिसळून आणलं होतं. म्हणजे भाऊ, तुम्ही जी ओळखली नाहीत, तीच. ती तुमच्या लेकीनं डोळे मिटून ओळखली.

मग तात्या नाक पुसत उठला आणि पोती घडी घालून गाडीत टाकली. सारिकाला म्हणाला, "वर्षातनं एकदा डॉक्टरला नाक दाखवायचं. दसऱ्याला पुडी मी बांधनार. आणि ती नळी खिळ्यावरनं खाली आली तर माज्याशी गाठ हाय." सारिकानं वाकून त्याच्या पायाला हात लावला. वहिनींनी चहा आणला, त्यात साखर घालायला विसरल्या, आम्ही तसाच प्यालो.

कावळा कुणाच्या बोलण्यावर शिवला, हे आता घरात कुणी काढत नाही. मी सोडून. मला वाटतं, तुम्ही तिघांचंही ऐकत होता आणि तुम्हालाही ठरवता येत नव्हतं. लेक वाचावी असंही वाटत होतं आणि करवत चालावी असंही. चुकत असेन तर सांगा, कसं सांगणार ते तुमचं तुम्ही बघा.

लाकूड माणसाला मारतं का, हे आपलं भांडण मी तसंच ठेवते. तुम्ही नाही म्हटलंत, मी हो म्हटलं, राहू दे. त्या निमित्तानं तुमच्याशी बोलता तरी येईल. पण दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला उठवत नाही. काल सँडरचा कागद बदलताना तळवा हातात उलटा धरला होता आणि तुमचं उत्तर आठवलं. तुम्ही ते उगाच, मला गप्प करायला ठोकून दिलं होतंत, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी तुम्ही चुकला नव्हता, भाऊ. ती भोकं श्वास घ्यायलाच होती. फक्त, मशीनला नव्हे, आम्हाला.